लॅपटॉपची बॅटरी आणि सोबतचे पाहुणे

साताऱ्यात म्हसवडहून 'माणदेशी तरंग' ऐकणाऱ्या आणि सांगलीत जतकडे 'येरळावाणी' ऐकणाऱ्या बायका आता गटाचे हिशेबही लॅपटॉपवर लिहू लागल्यात. आमच्या गटाकडे जुना थिंकपॅड आहे, त्यात लिनक्स. मागच्या बैठकीत लाइट गेली, आणि कर्जाच्या हप्त्यांची नोंद अर्ध्यावर असतानाच बॅटरीही संपली. त्या दिवशीचे हप्ते पुन्हा विचारून लिहावे लागले. कोणी किती दिले यावरून थोडी कुरबूरही झाली.

बॅटरी जपायला 'टीएलपी' नावाचं फुकट पॅकेज आहे. ते टाकताना आम्ही एक चूक केली. यादीत दिसेल ते सगळं टाकलं आणि दिवसभराचा नेटपॅक तासात संपवला.

पुरणपोळीला डाळ, गूळ, कणीक लागतेच. वेलची-जायफळ असेल तर चव येते. सोबत कटाची आमटी करायची की नाही, हे घरावर. पॅकेजचंही तसंच. डेबियन, उबुंटूमध्ये 'डिपेंड्स' म्हणजे लागणारच, 'रेकमेन्ड्स' म्हणजे असलेलं बरं, 'सजेस्ट्स' म्हणजे तुमची मर्जी. पहिली दोन आपोआप येतात, तिसरं मागितलं तरच. 'एप्ट शो टीएलपी' लिहिलं की तिन्ही ओळी दिसतात. नेट कमी असेल तर 'इन्स्टॉल'च्या पुढे '--नो-इन्स्टॉल-रेकमेन्ड्स' लिहा, मग फक्त डाळ-गूळच येईल.

मग वेलची कुठली घ्यायची? 'स्मार्टमोनटूल्स' आम्ही ठेवलं. ते डिस्कची तब्येत सांगतं, आणि जुन्या डिस्कवर गटाचे हिशेब आहेत. 'ईथटूल' लागतं केबलचं नेट असणाऱ्यांना. आमच्याकडे मोबाइलचं हॉटस्पॉट, म्हणून काढलं. 'एसीपीआय-कॉल' तर जड: ते आपल्याच लॅपटॉपवर बांधलं जातं, त्यासाठी आणखी चार गोष्टी उतरतात. कर्नल 4.17 पासून आमच्यासारख्या थिंकपॅडची चार्जिंगची मर्यादा कर्नलच सांभाळतो. म्हणजे ते सगळं डाउनलोड वाया!

काढताना 'एप्ट रिमूव्ह', मग 'एप्ट ऑटोरिमूव्ह'. पण दुसरं चालवण्याआधी काय काय जाणार ती यादी वाचा. त्यात हवं असलेलं नाव दिसलं तर 'नाही' म्हणा आणि 'एप्ट-मार्क मॅन्युअल' लिहून ते नाव राखून ठेवा.

शेवटी 'सुडो टीएलपी-स्टॅट -बी' चालवा. बॅटरी मुळात किती क्षमतेची होती आणि आता किती उरली, दोन्ही आकडे दिसतात. आमची निम्म्याखाली आली होती. अशा बॅटरीला कुठलंच पॅकेज तारत नाही. नव्या बॅटरीसाठी गटात वर्गणी सुरू आहे.