जाळ्याचा आस

मासेमारीच्या नियमांत जाळ्याच्या छिद्राला ‘आस’ म्हणतात. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या मला हा अर्थ निवृत्तीनंतर कळला. तोवर आस म्हणजे आशा, एवढेच ठाऊक होते.

ट्रॉलरचे जाळे ओढले जाऊ लागले की ताणाने त्याचे शंकरपाळ्याच्या आकाराचे आस मिटतात, आणि एकदाही अंडी न घातलेली मासळी शेवटच्या पिशवीत कोंडली जाते. तीच पिशवी चौकोनी आसाची केली, तर छिद्रे उघडी राहतात व पिल्ले निसटतात. उपाय इतका साधा आहे. मात्र त्यामागे दीर्घ मोजदाद आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बंदरोबंदरी उतरणारी मासळी मोजत आली, ती कोणत्या लांबीला प्रजननक्षम होते हे तपासत आली. तिच्या शिफारशींवरून केरळने २०१५ मध्ये बांगड्यासाठी १४ व तारल्यासाठी १० सेंटिमीटर ही किमान लांबी ठरविली.

आपल्या गोव्यात रापणकारांच्या आंदोलनानंतर १९८० चा कायदा आला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंदरात थांबतात. परंतु बंदी उठताच मिटणारे आसच पाण्यात उतरले, तर त्या दोन महिन्यांत वाढू लागलेले पिल्लू पहिल्याच फेऱ्यांत सापडते. ट्रॉलरमालकांची अडचणही खोटी नाही. डिझेलचा खर्च डोक्यावर असताना आपण सोडलेली मासळी शेजाऱ्याच्या जाळ्यात गेलेली कोणाला पाहवेल? म्हणून नियम सर्वांना एकाच दिवशी लागू हवा, आणि जाळे तपासणारा माणूस पहाटे जेटीवर हजर हवा.