गाठीच्या मदतीला शरीराच्याच पेशी

फुप्फुसाचा कर्करोग फुप्फुसात थांबून राहत नाही. तो मेंदूत, हाडांत, यकृतात जातो, आणि माणूस दगावतो तो बहुधा या पसरण्यामुळेच.

१८८९ साली इंग्लंडचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग ठरावीक अवयवांतच पुन्हा पुन्हा रुजलेला दिसला. बी चहूकडे उडते, उगवते मात्र मानवणाऱ्या जमिनीत, असे त्यांचे म्हणणे. बीडच्या कोरडवाहू रानात राबणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

ही जमीन गप्प बसत नाही, हे पुढे कळले. आपल्या हाडांच्या मगजात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. कुठे जखम झाली की त्यांतल्या काही डागडुजीला धावतात. कर्करोगाची गाठ शरीराला न भरणाऱ्या जखमेसारखी भासते. मूलपेशी तिथेही जातात आणि गाठीच्याच कामाला लागतात. त्यांनी सोडलेल्या रसायनांमुळे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, रोगाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, कर्कपेशी सुटून रक्तात शिरतात. उंदरांवरच्या काही प्रयोगांत मात्र याच पेशींनी गाठीची वाढ रोखली. त्यामुळे यातून खात्रीचे औषध अजून निघालेले नाही.

म्हणून कोणी ‘स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन गाठ घालवतो’ म्हणाले, तर दागिने मोडू नका. रक्ताच्या कर्करोगात मगज बदलतात, तो मान्य उपचार आहे. फुप्फुसाच्या गाठीवर तसा मान्य उपचार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार असे प्रयोग परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

आमची खरी काळजी उशिराची आहे. खोकला, थुंकीत रक्त, घटलेले वजन दिसले की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. टीबी असूही शकतो; पण थुंकी तपासल्याशिवाय तसे धरून चालू नका. गोळ्यांनी फरक पडत नसेल तर त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सीटी स्कॅन आणि तुकड्याच्या तपासणीबद्दल विचारा. विडी न ओढणाऱ्या, पण वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसलेल्या आयाबहिणींनीही.

सुरुवात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय रुग्णालयात करता येते. पुढच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी गाठा.