घड्याळातील बारा आणि सूर्याचे बारा

दिब्रुगढ येथे सूर्य मध्यान्ही येतो, त्यानंतर जवळजवळ पावणेदोन तासांनी तो द्वारकेस मध्यान्ही येतो. दोन्ही गावांची घड्याळे मात्र सदैव एकच वेळ दाखवितात. हे कोडे सोडविण्यास साधे त्रैराशिक पुरते.

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती ३६० अंश फिरते. अर्थात एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. द्वारका सुमारे ६९ व दिब्रुगढ सुमारे ९५ पूर्व रेखांशावर आहे. अंतर २६ अंश; सव्वीस चोक १०४ मिनिटे.

भारतीय प्रमाणवेळ ही ८२ अंश ३० कला या रेखांशाची वेळ होय. मुंबई त्याच्या पश्चिमेस ९ अंश ४० कला आहे, म्हणजे सुमारे ३९ मिनिटे मागे. १९०६ साली प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईत १९५५ पर्यंत जी स्थानिक वेळ प्रचारात राहिली, ती नेमकी एवढीच मागे होती.

आसामात हिशेब उलटतो. दिब्रुगढ साडेबारा अंश पूर्वेस, म्हणून ५० मिनिटे पुढे. तेथे ११ वाजून १० मिनिटांनीच मध्यान्ह! (पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्याने यात ऋतुपरत्वे सुमारे १६ मिनिटांपर्यंत फरक पडतो.) डिसेंबरात साडेचारपूर्वीच सूर्य मावळतो व कामाचा उजेड वाया जातो. म्हणूनच तेथील चहामळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची रीत पडली. तिला ‘बागान टाइम’ म्हणतात. गणित ५० मिनिटेच मागते. परंतु मजुरांच्या भोंग्यास पुरा तासच सोयीचा.