वाद्याची पूजा आणि हाताचा धीर

विजयादशमीला पाटीवर सरस्वती रेखून आपण तिच्यापुढे पोथ्या मांडतो. ज्या घरी पेटी, तबला वा सतार असेल, तेथे वाद्यांनाही गंधाक्षता वाहिल्या जातात. मात्र एकांतात सुरेख वाजविणारे मूल चार माणसांसमोर बसले की त्याची बोटे अडखळतात, आणि ‘याच्या अंगी धीटपणाच नाही’ असे आपण म्हणून जातो. आमच्या मते हा धीर अभ्यासाने येतो.

अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, सातत्य आणि आदर हवा, असे पतंजलींनी योगसूत्रांत सांगितले आहे. वादनासही ते लागू पडते.

आदराचा आरंभ वाद्य जुळविण्यापासून होतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. पण तेथील उत्तम तंबोऱ्याचीही जवारी घोडीवर तारेखालचे सूत नेमक्या जागी सरकविल्यावाचून खुलत नाही. वाद्य सुरात आहे की नाही हे मुलाचा कान ओळखू लागला, की निम्मी भीती सरते.

सातत्य म्हणजे रोज थोडे वाजविणे. अडणारी जागा वेगळी काढून संथ लयीत घोटावी. हात स्वच्छ पडू लागल्यावरच लय वाढवावी. चूक झाली तरी न थांबता समेवर येण्याची सवय घरीच लावावी. सभेत तीच तारते.

दीर्घकाळाचा दाखला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या शिष्यांचा. त्यांच्यापाशी मिरजेत अनेक वर्षे तालीम घेतल्यावरच विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली बाहेर पडले. बुवांचेच दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी यांनी सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९४० साली गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे पुत्र गजाननबुवा गायनाइतकेच व्हायोलिनवादनातही नावाजले. अशा उत्सवांना मुलांस अवश्य न्यावे. थोर कलावंतही भरल्या सभेत घाई न करता वाद्य जुळवितात, हे त्यांना दिसेल.

मुलाला एकदम एकट्याने सभेत बसवू नये. आधी घरची आरती, मग आळीतील भजन, पुढे कीर्तनाची साथ, असे चढत जावे. साथीदाराचे लक्ष स्वतःकडे नसून कीर्तनकाराच्या पदाकडे असते. त्यामुळे नवख्याची भीती आपोआप ओसरते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

यंदा पूजा झाल्यावर मुलाला देवीपुढे एक सोपी चीज वाजवू द्यावी. वडीलधाऱ्यांनी ती मध्ये न टोकता शेवटपर्यंत ऐकावी आणि मगच प्रसाद वाटावा.