खोलीचा दर आणि मुक्कामाचं बिल

शनिवारी सकाळी करंजाच्या जेट्टीवर मोटारसायकलींची रांग लागते. उरण, उलवे, पनवेलकडची मंडळी दुचाकी लाँचमध्ये चढवतात, धरमतरची खाडी ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत रेवसला उतरतात आणि पुढे अलिबाग, नागाव, काशीद गाठतात. लाँच लागेपर्यंत गप्पांचा विषय ठरलेला असतो: खोली कितीला पडली? हॉटेलविषयीच्या ज्या पक्क्या समजुती या गप्पांतून कानावर येतात, त्यांतल्या काही कधीकाळी खऱ्या होत्या, काही अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि काहींना कधीच आधार नव्हता.

‘हजाराच्या आतल्या खोलीला टॅक्स नाही’ ही पहिल्या प्रकारातली. 17 जुलै 2022पर्यंत ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवसापासून हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरही 12 टक्के जीएसटी लागू झाला. मग 22 सप्टेंबर 2025 रोजी दर पुन्हा बदलले. आता दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्याच्या वर 18 टक्के. म्हणजे 2,000च्या खोलीवर पूर्वी 240 रुपये कर जायचा, आता 100 जातो. अजून कुणी 12 टक्क्यांनी बिल फाडत असेल, तर काउंटरवरच थांबून विचारावं.

गंमत आहे ती 7,500च्या उंबऱ्यावर. 7,500ची खोली करासह 7,875ला पडते. 7,600ची खोली पडते 8,968ला. दरात फरक शंभराचा, खिशातून जातात 1,093 रुपये जास्त. वाढदिवसासाठी किंवा लग्नाच्या वाढदिवसासाठी जरा बरं रिसॉर्ट बघणारे नेमके याच टप्प्यात अडकतात. अशा वेळी शंभर-दोनशेची घासाघीस किरकोळ नसते, कारण कर छापील दरावर लागत नाही. सवलत वजा जाऊन प्रत्यक्ष जो दर आकारला, त्यावर लागतो.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे. ज्या हॉटेलात आधीच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली दिवसाला 7,500च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर 1 एप्रिल 2025पासून 18 टक्के जीएसटी आहे. एरवी तो 5 टक्के असतो. त्यामुळे अशा ठिकाणी ऑफरमध्ये स्वस्त खोली मिळवलेल्या माणसाच्या चहा-भजीवरसुद्धा 18 टक्के चढतात. जेवायला बाहेर पडावं, हे उत्तम.

आता ॲपकडे. ‘ॲपवर सगळ्यात स्वस्त, थेट फोन केला तर लुटतात’ हे वाक्य हल्ली म्हणीसारखं झालंय. ॲपवर दर शेजारी शेजारी दिसतात, परीक्षणं वाचता येतात, हे खरंच सोयीचं आहे. पण बुकिंग संकेतस्थळ हॉटेलकडून कमिशन घेतं आणि ते कमिशन त्याच दरातून निघतं. मग हॉटेलवाला स्वतःच्या वेबसाइटवर कमी दर का लावत नाही? ऑक्टोबर 2022मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड केला, त्यामागचं एक कारण हेच होतं. हॉटेलांशी केलेल्या करारांतच अट होती, की आमच्यापेक्षा कमी दर दुसऱ्या संकेतस्थळावर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर दाखवायचा नाही. अशा अटी काढून टाकण्याचा आदेश आयोगाने दिला. म्हणून ॲपवर बघावं, आणि मग फोनही करावा. दर तोच निघाला, तरी नाश्ता किंवा लवकर ताबा मिळण्याची शक्यता फोनवर जास्त असते.

छोट्या घरगुती निवासांच्या बाबतीत फोनचा फायदा आणखी ठोस आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या चालवणारी अनेक कुटुंबं यात बसतात. त्यांच्याकडे थेट बुकिंग केलं तर जीएसटी नाही. तीच खोली संकेतस्थळावरून घेतली, तर कायद्याने तो कर भरण्याची जबाबदारी संकेतस्थळावर येते आणि तो तुमच्या बिलात दिसतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी: ज्याची नोंदणीच नाही, त्याला ‘जीएसटी’ म्हणून एक रुपयाही घेता येत नाही. बिलावर कराची रक्कम आहे आणि जीएसटी क्रमांक नाही, असं दिसलं तर क्रमांक मागावा.

मोबाइलच्या ‘गुप्त’ खिडकीत शोधलं की दर कमी दिसतात, असंही सांगणारे असतात. बरेचदा घडतं उलटंच. खास सवलतीचे दर बहुतेक संकेतस्थळं लॉग-इन केलेल्या सभासदालाच दाखवतात. गुप्त खिडकीत तुम्ही परके, म्हणून पूर्ण दर.

अलिबाग-नागाव पट्ट्यात हिशोब चुकण्याची सगळ्यात मोठी जागा मात्र वेगळीच आहे. इथे पुष्कळ घरांत दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, संध्याकाळचा चहा धरलेला असतो. ॲपवरची ‘खोली’ आणि हा ‘माणशी’ दर शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे किलोचा भाव आणि वाट्याचा भाव एकत्र करणं. दोघांच्या जोडप्याला खोलीचा दर परवडतो की माणशी, हे ते दिवसभर घरात जेवणार की फिरणार यावर ठरतं. आठ जणांच्या कुटुंबाला माणशी दर अनेकदा स्वस्त पडतो, पण मुलांचं काय हे आधी विचारायचं: कितव्या वर्षापर्यंत फुकट, कुठून अर्धा दर, गादी वेगळी लागली तर किती. आणि ‘जेवणासह’ म्हणजे साधं जेवण की मासळीचं ताट? तळलेली सुरमई आणि पापलेट बहुतेक ठिकाणी नगावर, आकारावर, वेगळे लावतात. घरच्या जेवणाच्या कौतुकात हे विचारायचं राहून जातं आणि शेवटच्या दिवशी बिल फुगतं. यात यजमानाची लबाडी नसते. बाजारात पापलेटचा भाव काय आहे, ते करंजाच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मासळीवरून पावसाळा आठवला. ‘पावसाळ्यात कोकणात सगळं अर्ध्या किमतीत’ हे खोलीपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. ताज्या मासळीच्या ओढीने जाणाऱ्याच्या ताटात तेव्हा बर्फातला मासा नाहीतर खाडीतली मिळेल ती मासळी येते. गेटवे-मांडवा प्रवासी बोटीही पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे मुंबईकराचा प्रवास वाढतो. ज्याला नुसता पाऊस बघत वाचत पडायचंय, त्याच्यासाठी मात्र यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

‘आडवारी स्वस्त, शनिवार-रविवार महाग’ हेही सगळीकडे चालत नाही. अलिबागला चालतं. जिथे लोक कामासाठी येतात, त्या शहरांत सोमवार ते गुरुवार खोल्या भरतात आणि सुट्टीला दर उतरतात. नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं, की वार कुठलाही असो, खोलीसाठी वणवण. पंढरपूरला एकादशी, शिर्डीला गुरुवार, गणपतीपुळे नि पालीला अंगारकी. प्रत्येक गावाचं पंचांग निराळं आहे, ते बघून तारीख एक-दोन दिवस सरकवली तर जेवढे वाचतात, तेवढे कुठल्याही कूपनाने वाचत नाहीत.

शेवटच्या क्षणी दर पडतात म्हणून थांबणारेही असतात. शंभर खोल्यांच्या शहरी हॉटेलात रात्री वीस खोल्या रिकाम्या राहणार असतील, तर व्यवस्थापक दर उतरवतो. नागावच्या पाच खोल्यांच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी उतरवायला काही उरलेलंच नसतं.

स्वस्त खोली लांब मिळते, तेव्हा अंतराचे पैसे मोजायचे राहतात. रेवसच्या बाजूला खोली घेऊन रात्री करंजाला परत येऊ, असं ठरवणाऱ्याने शेवटच्या लाँचची वेळ आधी विचारलेली बरी. ती चुकली की समोर दिसणाऱ्या दिव्यांपर्यंत पोचायला वडखळ, पेण असा साठ-सत्तर किलोमीटरचा वळसा. रेवस-करंजा पूल होईल तेव्हा हे गणित बदलेल. मुंबईहून येणाऱ्यांचं ते अटल सेतूने जानेवारी 2024मध्येच बदललं, पण तिथे कारला एका फेरीचे 250 रुपये टोल आहे, आणि तोही मुक्कामाच्याच खर्चात धरायला हवा.

हॉटेलातल्या दोन किरकोळ वाटणाऱ्या रकमांबद्दल लोक नेमके उलट समजतात. ‘पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे’ असं म्हणत वाद घालणारा हरतो. हॉटेलं आणि रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने विकू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017मध्ये दिला आहे. बाटली बाहेरून आणावी. याउलट सर्व्हिस चार्ज मुकाट्याने भरणारे खूप, आणि तो भरणं सक्तीचं नाही. तो आपोआप बिलात लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते उचलून धरलं. काढायला सांगावं, नाही काढला, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

राहिलं बुकिंग रद्द करणं. ‘हवामानामुळे लाँच बंद पडली तर पैसे परत मिळतातच’ हा समज समुद्राकाठी विशेष महागात जातो. खोली तयार आहे, हॉटेल उघडं आहे आणि तुम्हीच पोचला नाहीत, तर हिशोब रद्द करण्याच्या अटीप्रमाणेच होतो. ‘मोफत रद्द’ असं लिहिलेल्या बुकिंगलाही तारीख आणि तास असतो, तो उलटला की ते मोफत राहत नाही. ‘परतावा नाही’ या दरात थोडे पैसे वाचतात खरे, पण जून ते सप्टेंबरात खाडी ओलांडून जायचं असेल तर तो दर घेऊ नये. घरगुती निवासाचा मालक रोख परत करायला नाखूश असतो, मात्र तारीख पुढे ढकलायला तो सहसा तयार होतो. फक्त ते आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी बोलून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं, लाँच बंद झाल्यावर जेट्टीवरून फोन करून नव्हे.