एका अपघाताची कारणमीमांसा



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. रोलर कोस्टर म्हणजे जत्रेतल्या पाळण्याचे विलायती थोरले भावंड. त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे? पण यंत्र बिघडले की माणसे त्याचे कारण कसे शोधतात आणि खरे कारण कोठे दडलेले असते, हे पाहायचे झाले तर २ जून २०१५ रोजी इंग्लंडमध्ये झालेल्या एका अपघाताइतके बोलके उदाहरण मला दुसरे आठवत नाही. त्या अपघातात सोळा माणसे जखमी झाली. त्यांपैकी पाचांच्या जखमा गंभीर होत्या, आणि दोन तरुण मुलींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला.

स्टॅफर्डशायर परगण्यात आल्टन टॉवर्स नावाचे मोठे करमणूक-उद्यान आहे. तेथे ३१ मे २०१३ रोजी ‘द स्मायलर’ नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. खर्च १ कोटी ८० लाख पौंड. बांधणी जर्मनीतल्या गेर्स्टलाउअर कंपनीची. सुमारे ११७० मीटर लांबीच्या रुळावरून ही गाडी माणसांना चौदा वेळा डोके खाली, पाय वर करून नेते. चौदा हा जागतिक विक्रम होता, आणि जाहिरातीत त्याचाच डंका पिटलेला होता. यंत्राचे बोधचिन्ह काय, तर हसरा चेहरा.

आता हे यंत्र चालते कसे, ते आधी पाहू. कारण ते कळल्यावाचून पुढचे तर्क आणि त्यांचा फोलपणा ध्यानात यायचा नाही. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला ओढत उंचावर नेते आणि माथ्यावर सोडून देते. तेथून पुढे सगळा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. उंचीवर साठलेली शक्ती उतारावर वेगात बदलते, चढावर वेगाची पुन्हा उंची होते. प्रत्येक फेऱ्यात थोडी शक्ती घर्षणात आणि वाऱ्यात खर्ची पडते, म्हणून पुढचा प्रत्येक डोंगर मागच्यापेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो. स्मायलरवर तर वाटेत दुसऱ्यांदा गाडी उचलून घेण्याची सोय आहे, इतका तो लांब आहे. रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांपासून ही कल्पना निघाली. फ्रेंच लोक आजही रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर थॉम्सन नावाच्या गृहस्थाने १८८४ साली रुळावरचा असा पहिला लोकप्रिय खेळ उभारला. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालूनही चाके बसवण्याची युक्ती पुढे जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने काढली. आज गाडी उलटी झाली तरी पडत नाही याचे श्रेय बरेचसे त्या खालच्या चाकांना आहे.

इंजिन नसलेल्या गाडीला वाटेत हवे तेथे थांबवता येत नाही. चालकाच्या हाती ब्रेक नाही, प्रवाशाच्या हाती तर काहीच नाही. आणि एकाच रुळावर चार-पाच गाड्या एकामागून एक सोडायच्या असतात, कारण खाली रांगेत लोक ताटकळत उभे असतात. मग एक गाडी दुसरीवर आदळत कशी नाही?

याचे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. एकेरी रुळावर इंजिनचालकाला स्टेशनमास्तरकडून वेताच्या कड्यातला गोळा मिळाल्याखेरीज पुढच्या स्टेशनकडे जाता येत नसे, हे आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे एक खंड, ज्याला रेल्वेत ब्लॉक म्हणतात, आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी. रोलर कोस्टरवर नियम हाच. फक्त गोळ्याची जागा संगणकाने घेतली आहे. रुळाच्या कडेला बसवलेली उपकरणे गाडी गेली की नाही याची नोंद घेतात. पुढच्या खंडातली गाडी बाहेर पडल्याची खूण मिळेपर्यंत संगणक मागची गाडी साखळीच्या माथ्यावर अडवून धरतो. हे यंत्र घाबरत नाही, कंटाळत नाही, आणि रांगेतल्या लोकांचे चेहरे त्याला दिसत नाहीत. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे.

त्या दिवशी दुपारी सोळा माणसांनी भरलेली गाडी एका रिकाम्या, उभ्या गाडीवर जाऊन आदळली. या धडकेतली शक्ती ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने मोटार आदळावी इतकी होती, असे पुढे न्यायालयात सांगण्यात आले. पहिल्या रांगेतल्यांना सर्वाधिक मार बसला. जखमी माणसे जमिनीपासून सुमारे वीस फूट उंचीवर, कललेल्या गाडीत, पोलादी पट्ट्यांखाली अडकून पडली. मदतीसाठी पहिला दूरध्वनी करायलाच १७ मिनिटे गेली, आणि सगळ्यांना खाली आणायला चार तासांहून अधिक वेळ लागला. तेथे वर पोहोचण्यासाठी धड वाटसुद्धा नव्हती.

संध्याकाळपर्यंत तर्कांना ऊत आला. आणि खरे सांगायचे तर ते तर्क सगळेच मूर्खपणाचे नव्हते. याच यंत्राचा इतिहास लोकांच्या स्मरणात होता. २०१३ सालीच रुळाचा एक जोड सुटल्यामुळे ते बंद ठेवावे लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात चाके निसटून पुढच्या रांगेतल्या प्रवाशांना लागली होती. तेव्हा ‘रूळ खिळखिळे असणार’ हा निष्कर्ष सहज निघाला. दुसऱ्यांचे म्हणणे, चौदा उलट्या म्हणजे हावच झाली. इतक्या गुंतागुंतीचे यंत्र कधीतरी दगा देणारच. तिसरा पक्ष संगणकाला धरून बसला. एका रुळावर दोन गाड्या आल्या याचा अर्थ अडवणारे यंत्र झोपले, याहून सरळ अनुमान ते कोणते? चालक कंपनीने खबरदारी म्हणून आपल्या इतर उद्यानांतलेही काही रोलर कोस्टर बंद केले. मग तर लोकांची खात्रीच पटली की बनावटीतच खोट आहे. वस्तुतः पूर्ण माहिती हाती येईपर्यंत यंत्र बंद ठेवणे ही साधी सावधगिरी आहे. पण धूर दिसला की आग आहेच, असे आपण धरून चालतो.

आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसला आणि फळ पडले. जुने बिघाड खरे होते, चौदा उलट्याही खऱ्या होत्या. पण त्या दुपारच्या धडकेशी त्यांचा संबंध आहे की नाही, हे केवळ त्या खऱ्या आहेत एवढ्यावरून ठरत नाही.

इंग्लंडात कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारे एक सरकारी खाते आहे. त्याने चौकशी हाती घेतली. निष्कर्ष असा निघाला की रुळात दोष नव्हता, गाड्यांत दोष नव्हता, आणि गाड्यांना एकमेकींपासून दूर ठेवणाऱ्या यंत्रणेतही दोष नव्हता. ज्याच्यावर सर्वांत जास्त संशय होता त्या संगणकाने आपले काम चोख बजावले होते. त्याने भरलेली गाडी माथ्यावर अडवून धरली होती. ती माणसांनी सोडली.

का सोडली? त्या दिवशी गर्दी पाहून रुळावर चाराऐवजी पाच गाड्या आणल्या होत्या. यंत्रात काही बिघाड झाला म्हणून तंत्रज्ञांना बोलावले होते. परीक्षेसाठी एक रिकामी गाडी फिरायला सोडली, ती फेरी पुरी न करता मधल्या खोलगट भागात अडकली. पाचवी गाडी आणली आहे, हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना ठाऊक नव्हते. त्यांच्या हिशेबी पुढचा रूळ मोकळा होता. संगणक मात्र म्हणत होता, पुढे गाडी आहे. एकीकडे आपला हिशेब, दुसरीकडे यंत्राची कुरकुर, आणि वर माथ्यावर खोळंबलेली सोळा माणसे. यंत्रच चुकते आहे असे त्यांना वाटले. त्यांनी त्याचा अडसर दूर केला आणि गाडी पुढे गेली.

रिकामी गाडी अडकली का, हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे, म्हणून थोडे थांबतो. जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून सारख्याच वेगाने खाली येतात, हे गॅलिलिओपासून आपण शिकत आलो. मग भरलेली गाडी ज्या फेऱ्यातून सुखरूप जाते तेथे रिकामी का अडावी? चाकांचे घर्षण ढोबळ मानाने वजनाच्या प्रमाणात असते. गाडी हलकी झाली की तेही कमी होते, तेव्हा त्याने फारसा फरक पडत नाही. पण वाऱ्याचा विरोध वजन पाहत नाही. तो गाडीच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो. समोरून जोराचा वारा असेल तर सोळा माणसांच्या वजनाची गाडी तो रेटा पचवून जाते, आणि तेवढ्याच आकाराची हलकी गाडी शिखर चढता चढता गळपटते. हातातला चेंडू आणि त्याच आकाराचा कापसाचा गोळा वाऱ्याविरुद्ध फेकून पाहावा, म्हणजे झाले. त्या दिवशी वाऱ्याचे झोत ताशी ४५ मैलांपर्यंत होते, आणि बनवणाऱ्या कंपनीने ३४ मैलांपलीकडे हे यंत्र चालवू नये असे बजावलेले होते, असे न्यायालयापुढे आले. म्हणजे लोकांनी बोल्ट तपासले, संगणक तपासला, उलट्या मोजल्या; वाऱ्याकडे पाहिले थोड्यांनी.

आता या कथेचा दुसरा अंक. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने आपल्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. यंत्र निर्दोष आहे, अपघाताचे कारण ‘मानवी चूक’ आहे. हे वाचून पुष्कळांचे समाधान झाले. संगणक सुटला, तंत्रज्ञ सापडला. शेंडी तुटो की पारंबी, कोणीतरी गवसल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही, आणि ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत एक सोय आहे. त्यातला ‘मानव’ नेहमी शिडीच्या खालच्या पायरीवर उभा असतो.

खटला स्टॅफर्डच्या न्यायालयात चालला. कंपनीने गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे वाद शिक्षेपुरताच उरला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायाधीश मायकेल चेंबर्स यांनी निकाल देताना ‘मानवी चूक’ हे कारण मानायला नकार दिला. दोष मालकाचा आहे, त्या दिवशी काम करणाऱ्या व्यक्तींचा नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि अपघात टाळता येण्याजोगा होता असा ठपका ठेवला. दंड ठोठावला ५० लाख पौंडांचा, तोही कबुलीजबाबाची सवलत धरून.

येथे कोणी विचारील, हा काय शब्दच्छल? गाडी सोडणारा हात तंत्रज्ञाचाच होता ना? होता. पण आपण प्रश्न एक पायरी वर नेऊन पाहावा. पाचवी गाडी आणली तर ती गोष्ट तंत्रज्ञांना सांगायची कोणी, आणि सांगितली की नाही हे तपासायचे कोणी? संगणकाचा अडसर काढण्यापूर्वी रुळाची फेरी मारून गाड्या मोजल्याच पाहिजेत, असा मोडता न येणारा दंडक होता का? माणसे गाडीत बसलेली असताना यंत्राची दुरुस्ती चालू ठेवायची हे कोणी ठरवले? वाऱ्याच्या मर्यादेवर लक्ष ठेवणे कोणाकडे होते? या प्रश्नांची उत्तरे त्या दुपारी पान्हा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने द्यायची नसतात. ती उद्यान उघडण्याच्या कितीतरी आधी, कागदावर आणि सरावाने, तयार ठेवायची असतात. तशी व्यवस्था नव्हती, म्हणून एका चुकीमागून दुसरी चूक बिनबोभाट घडत गेली आणि तिला अडवणारे वाटेत कोणी भेटले नाही. जो एकच पहारेकरी जागा होता, तो म्हणजे संगणक, त्यालाच बाजूला सारण्यात आले.

त्या माणसांच्या मनावर रांगेचे, वेळेचे, थांबलेल्या गाडीतल्या चेहऱ्यांचे दडपण आले नसेल असे मानणे कठीण आहे. मघाशी मी म्हटले की यंत्राला रांगेतले चेहरे दिसत नाहीत. माणसाला दिसतात. हा माणसाचा गुण आहे, आणि ज्याला असली यंत्रे चालवायची आहेत त्याने तो आधीच हिशेबात धरला पाहिजे.

अपघाताचे पडसाद दूरवर उमटले. उद्यान काही दिवस बंद राहिले, येणाऱ्यांची संख्या घटली, आणि त्याच वर्षी सुमारे १९० नोकऱ्या कमी करण्याची वेळ येईल असे जाहीर झाले. रांगा लावणारे आणि तिकिटे फाडणारे यांचा त्या पाचव्या गाडीशी काय संबंध होता? आता आपल्याकडेही खोपोलीजवळ इमॅजिका उद्यानात मोठा रोलर कोस्टर उभा आहे, आणि गावोगावच्या जत्रांत विजेचे आकाशपाळणे दरसाल उभे राहतात व मोडले जातात. तेथे पट्टा घट्ट आहे का हे आपण पाहतो. वारा सुटला तर पाळणा थांबवायचा हे कोणी ठरवायचे आणि त्याचे ऐकायचे कोणी, हे विचारणारा मात्र विरळा.

स्मायलर मार्च २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाला. यंत्राचा अडसर आता एकट्या माणसाला काढता येत नाही. वरच्या अधिकाऱ्याची वेगळी मंजुरी लागते. उद्यानाच्या कार्यपद्धतीतही फेरफार झाले. चौकशी करणाऱ्या खात्याने त्यांची दखल घेतली, आणि सोबत एवढेच नमूद केले की यातली प्रत्येक सुधारणा २ जून २०१५ च्या आधीही करता आली असती.