शॉपिंग कार्ट सेवांतील ब्राउझर-विसंगती

ब्राउझर-विसंगती म्हणजे एकच संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांत निरनिराळ्या रीतीने चालणे किंवा एखाद्यात मुळीच न चालणे होय. ऑनलाइन दुकानातील शॉपिंग कार्ट, म्हणजे निवडलेल्या वस्तूंची टोपली, हिच्या बाबतीत हा दोष विशेष हानिकारक ठरतो. पानाची मांडणी विस्कटली तर ती निदान दिसते. टोपली रिकामी झाली तर ग्राहक मुकाट्याने निघून जातो आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

कार्टची स्मृती

वेबचा आधार असलेली एचटीटीपी ही पद्धत मूळची विस्मरणशील आहे. प्रत्येक विनंती सर्व्हरला नव्या पाहुण्यासारखी वाटते. यावर उपाय म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी योजली. खरेदीची टोपली चालवणे हा तिच्या मूळ हेतूंपैकी एक होता. कुकी म्हणजे ब्राउझरने जपलेली आणि पुढील विनंत्यांबरोबर परत धाडलेली चिठ्ठी. ती हरवली की वस्तूंची नोंद सर्व्हरवर शाबूत असूनही ती कोणाची, हे कळत नाही.

भाड्याचे कार्ट

लहान व्यावसायिक बहुधा तयार कार्ट-सेवा भाड्याने घेतात. ती पुष्कळदा आयफ्रेम नावाच्या चौकटीतून दुकानाच्या पानात बसवलेली असते. पान एका डोमेनचे व चौकट दुसऱ्याच डोमेनची असल्यामुळे ब्राउझरच्या लेखी तिची कुकी ‘तृतीय पक्षाची’ ठरते. जाहिरातदार पाळत ठेवण्यासाठी हीच रीत वापरतात, म्हणून ब्राउझरांनी तिच्यावर बंधने घातली. त्यांत निरुपद्रवी टोपलीही सापडली. २००१ सालचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ गोपनीयता-धोरणाचा संक्षेप सोबत नसलेल्या अशा कुकी नाकारत असे. सफारीने मार्च २०२० मध्ये त्या सरसकट बंद केल्या. क्रोमने तसा बेत जाहीर केला, वारंवार पुढे ढकलला आणि अखेर सोडून दिला. त्यामुळे क्रोममध्ये सुरळीत चालणारे दुकान आयफोनवर अडू शकते.

रक्कम वजा, मागणी बेपत्ता

फेब्रुवारी २०२० मधील क्रोम ८० पासून ‘सेमसाइट’ या गुणधर्माचा नियम बदलला. कुकीवर स्पष्ट सूचना नसल्यास, अगदी ताज्या कुकीचा अपवाद वगळता, ती परस्थळाहून आलेल्या ‘पोस्ट’ विनंतीबरोबर जाईनाशी झाली. भारतात याचे महत्त्व अधिक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारास अतिरिक्त पडताळणी लागते. त्यासाठी ग्राहक बँकेच्या पानावर जातो आणि परतीचा प्रवास अनेकदा ‘पोस्ट’ विनंतीनेच होतो. अशा वेळी कुकी गळाली, तर खात्यातून रक्कम गेलेली असूनही दुकान ग्राहकाला ओळखत नाही.

कुकीवर ‘सेमसाइट=नन’ व ‘सिक्युअर’ असे लिहिणे हा उपाय होता; परंतु आयओएस १२ वरील सफारी ‘नन’चा अर्थ नेमका उलटा, म्हणजे ‘स्ट्रिक्ट’, असा लावी. एका ब्राउझरचे औषध दुसऱ्याला बाधले. कोविडच्या साथीमुळे क्रोमने हा बदल एप्रिल २०२० मध्ये तात्पुरता मागे घेतला व जुलैपासून पुन्हा लागू केला.

उपाय

कार्ट दुकानाच्याच उपडोमेनवर चालवल्यास कुकी परकी ठरत नाही. पैसे मिळाल्याची वर्दी मात्र ग्राहकाच्या ब्राउझरवर कधीच सोपवू नये. ‘वेबहूक’द्वारे पेमेंट-सेवा ती दुकानाच्या सर्व्हरला थेट देते आणि ग्राहकाने मध्येच पान बंद केले तरी मागणी नोंदली जाते.